वर विस्तव, खाली विस्तव



आज एका भांड्याची आणि विस्तवाची गोष्ट सांगायची आहे. आमच्या धरमपेठेत भांड्यांच्या दुकानात हल्ली एक काळंकुळीत, जड भांडं मांडलेलं दिसतं. भांडं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. एका हातानं उचलत नाही. झाकणही तसंच जड, आणि त्या झाकणाला वरून ताटलीसारखा काठ. खाली तीन बुटके पाय. दुकानदार त्याला ‘डच ओव्हन’ म्हणतो. किंमत ऐकली की आपण हात मागं घेतो. हे भांडं अंगणात किंवा शेतात निखाऱ्यांवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. काठ असतो तो त्यासाठीच, निखारा घसरून पडू नये म्हणून. वरून आणि खालून आच लागली की आत पावापासून मटणापर्यंत काहीही शिजतं, भाजतं.

दुकानदारानं एवढं सगळं समजावल्यावर आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे रोडगेच की!”

मावशींचं म्हणणं कितपत खरं आहे, ते आज पाहू.

विदर्भातल्या मैत्रिणींना रोडगे सांगायला नकोत, पण हा कार्यक्रम इतरही ऐकतात म्हणून सांगते. गहू जरा जाडसर दळायचा. त्यात मीठ, ओवा किंवा जिरं, तेलाचं मोहन घालून कणीक घट्ट मळायची. लहान लहान पुऱ्या लाटून, मधे तेल लावून, एकीवर एक ठेवायच्या आणि मोठ्या पारीत गुंडाळून गोळा करायचा. कोणी नुसताच भरीव गोळा करतं. गोवऱ्यांचा जाळ करायचा आणि थांबायचं. धूर पूर्ण जाऊन गोवऱ्या लाल होईपर्यंत गोळा आत टाकायचा नाही. मग विस्तव पसरून त्यावर रोडगे मांडायचे आणि वरून गरम राख आणि निखारे ओढायचे. अधूनमधून फिरवायचे. भाजला की रोडग्याला भेग जाते, बोटानं टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. फडक्यानं राख झटकायची, मुठीत दाबून फोडायचा आणि तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. याच जातीचे पानगे असतात, ते पळसाच्या पानात ठेवून भाजतात. खानदेशात याला बट्टी म्हणतात आणि वरण-बट्टीशिवाय तिकडे पंगत होत नाही. यवतमाळ-वाशीमकडच्या बंजारा तांड्यांत तर रोजच्या भाकरीलाच बाटी म्हणतात.

आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघा. बिडाच्या भांड्यात वर विस्तव, खाली विस्तव, मधे लोखंड. रोडग्यात वर विस्तव, खाली विस्तव, मधे राख. राखेतून उष्णता हळूहळू जाते. म्हणून तर पूर्वीच्या बाया रात्री चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवायच्या आणि सकाळी तोच फुंकून चूल पेटवायच्या. ज्यांचा विझला त्या शेजारणीकडे गोवरीवर विस्तव मागायला जायच्या. रोडग्यात राख हेच भांडं आहे आणि राखच झाकण आहे. मावशींना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यांनी बरोबर ओळखलं.

रोडगा किती जुना? पैठणच्या एकनाथ महाराजांचा काळ १५३३ ते १५९९. त्यांच्या एका भारुडात एक सासुरवाशीण भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते. तुम्ही ते कीर्तनात, तमाशात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं असेलच. ती सून सासरच्या एकेका माणसाचा काटा काढायला देवीला सांगते आणि शेवटी मला एकटीला राहू दे म्हणते. महाराजांचा अर्थ अध्यात्माचा आहे. सासू, सासरा, नणंद म्हणजे मनातले विकार, असं कीर्तनकार समजावतात. ते खरंच आहे. पण ऐकणाऱ्या बायका हसतात त्या अध्यात्माला हसत नाहीत, हेही तितकंच खरं आहे. माझ्या विषयापुरती गोष्ट एवढीच, की साडेचारशे वर्षांपूर्वी रोडगा एवढा ओळखीचा होता की नुसतं नाव घेतलं तरी पुरे. त्या सुनेनं देवीला सोनं-नाणं बोलून दाखवलं नाही. तिच्या हातात पीठ होतं आणि विस्तव होता, तेवढ्याचाच नवस ती बोलली. आजही आपल्याकडे नवसाचे रोडगे होतात.

त्याच १६व्या शतकातला ‘भावप्रकाश’ नावाचा आयुर्वेदाचा संस्कृत ग्रंथ आहे, भावमिश्राचा. त्यात ‘अंगारकर्कटी’ नावाचा पदार्थ आहे. अंगार म्हणजे निखारा. गव्हाचं पीठ थोड्या पाण्यात घट्ट मळा, वड्यासारखे गोळे करा, आणि धूर नसलेल्या विस्तवावर हळूहळू भाजा, अशी कृती. आमच्या मावशींनी ती वाचली तर म्हणतील, मोहन घालायला विसरला. पण ‘धूर नसलेल्या विस्तवावर’ आणि ‘हळूहळू’ या दोन्ही गोष्टी त्या वैद्यानं बरोबर टिपल्या आहेत. सगळी मेख त्यातच आहे.

त्याच्याही आधी, १२व्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य राजघराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर-धाराशिवच्या पलीकडे, सीमेला लागून. राजानं ग्रंथात राज्यकारभारापासून हत्ती-घोड्यांपर्यंत सगळं लिहिलं आणि जेवणावरही भरपूर लिहिलं. त्यात मंडक आहेत, म्हणजे आपले मांडे. हातावर वाढवलेला मांडा तापलेल्या खापरावर टाकायचा, असं तो सांगतो. नागपुरात लांब पोळी करणाऱ्या बाया रोज हेच करतात. सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि उलट्या मडक्यावर अलगद पसरायची. ९०० वर्षांत हाताची रीत बदललेली नाही. गंमत एवढीच की लिहून ठेवलं राजानं. त्याच्यासाठी मांडे वाढवणारे हात कोणाचे होते, ते ग्रंथात सापडत नाही.

मांडा आणि रोडगा यांच्यात मोठा फरक आहे, तोही सांगते. मांड्याला एकाच बाजूनं आच. तो पातळ असतो, क्षणात होतो. जाड पदार्थाला, ज्याला आतपर्यंत उष्णता पोचवायची आहे, त्याला एका बाजूची आच पुरत नाही. खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. त्यासाठी कोणी भिंतीची भट्टी बांधली, कोणी जमिनीत तंदूर पुरला. ज्याच्याकडे भट्टी नव्हती, किंवा जो आज इथे तर उद्या तिथे, त्यानं झाकणावर निखारे ठेवले. अकबराच्या दरबारातला अबुल फझल १५९०च्या दशकात ‘ऐन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी देतो, त्यात ‘दमपुख्त’ आहे. आजची दम बिर्याणी त्याच घराण्यातली. झाकणाची फट कणकेनं बंद करायची आणि वर निखारे ठेवायचे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मैत्रिणींकडे तर याची दोन सुंदर उदाहरणं आहेत. एक तवसाळी किंवा धोंडस. मोठी काकडी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून केलेला, केकच म्हणा ना. पातेलं मंद विस्तवावर, आणि झाकणावर निखारे. दुसरं गोव्याचं बेबिंक. नारळाचा रस, अंडी, साखर, मैदा यांचा पातळ थर ओतायचा, तो वरच्या निखाऱ्यांनी भाजायचा, मग त्यावर दुसरा थर. असे किती तरी थर, आणि प्रत्येक वेळी झाकण उचलून परत ठेवायचं. निखारे नारळाच्या सोडणाचे. दिवस जातो. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या नागपुरी संत्र्याला मिळालं तसंच. आमच्या रोडग्यांचं काय, असा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला, पण तो आज बाजूला ठेवते.

आता बिडाकडे येते. कारण मावशींच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. झाकणावर निखारे ठेवायची रीत आपली जुनी, पण ते भांडं मात्र आपल्याकडचं नाही. आपल्याकडे लोखंड नव्हतं का? होतं, आणि फार जुनं होतं. नागपूर जिल्ह्यातच, पेंच नदीकाठी, नैकुंड नावाचं गाव आहे. तिथे १९७८ ते १९८०च्या सुमारास शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं, तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली. सुमारे २७०० वर्षांपूर्वीची. म्हणजे धरमपेठेहून गाडीनं तास-दीड तासाच्या अंतरावर आपल्याच पूर्वजांनी लाकडी कोळशावर लोखंड काढलं होतं.

पण लोखंड काढणं वेगळं आणि ओतणं वेगळं. शुद्ध लोखंड वितळायला १५०० अंशांच्या वर उष्णता लागते. जुन्या भट्टीत तेवढी होत नसे. तिथे लोखंडाचा पाणी होऊन रस वाहायचा नाही, मळीनं भरलेला, भोकाभोकांचा गोळा हाती लागायचा. तो लाल असताना घणानं ठोकून ठोकून त्यातली मळी काढायची. म्हणून आपला विळा, कुऱ्हाड, लोखंडी कढई, तवा, सगळं ठोकून घडवलेलं. ओतायचं ते तांबं आणि पितळ. लोखंडात कोळशाचा अंश जास्त मिसळला तर ते १२०० अंशांच्या आसपासच वितळतं आणि साच्यात ओतता येतं. त्याला आपण बीड म्हणतो. चीनमध्ये ही विद्या दोन हजार वर्षांपेक्षा जुनी आहे. युरोपात ती उशिरा आली आणि स्वयंपाकघरात तर आणखी उशिरा.

इंग्लंडात ब्रिस्टलला अब्राहम डार्बी नावाचा कारखानदार होता. पितळेची भांडी महाग पडायची, गरिबांना परवडायची नाहीत. हॉलंडमध्ये, म्हणजे डच लोकांकडे, वाळूच्या साच्यात पितळ ओतायची चांगली रीत होती. ती बघायला डार्बी १७०४ साली तिकडे गेला. परत येऊन तीच रीत त्यानं लोखंडाला लावून पाहिली आणि १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतायचं पेटंट घेतलं. ‘डच ओव्हन’ या नावामागचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण हेच. डार्बीकडे जॉन थॉमस नावाचा एक वेल्श पोरगा उमेदवारी करत होता. साचा जमत नव्हता तेव्हा तो जमवून दाखवला त्या पोरानं, असं सांगतात. पेटंट मात्र मालकाच्या नावावर. इतिहासात असं फार सापडतं.

डच लोक आपल्याला अनोळखी नव्हते, बरं का. जुन्या मराठी कागदांत त्यांना ‘वलंदेज’ म्हटलंय. शिवाजी महाराजांच्या काळात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिचे अवशेष आजही आहेत. पण ते मसाले आणि कापडाच्या व्यापारासाठी आले होते. बिडाचं भांडं काही त्यांनी आपल्या चुलीवर ठेवलं नाही.

ते भांडं गेलं अमेरिकेला. जंगल तोडून वस्ती करणाऱ्या लोकांना एकाच भांड्यात पाव, डाळ, मांस सगळं करता येत होतं, आणि घर बदललं तरी भांडं गाडीला टांगून नेता येत होतं. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, त्यांच्या आईचं नाव मेरी. १७८८ साली तिनं मृत्युपत्र केलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या लोखंडी सामानाची नातवंडांत वाटणी करून ठेवली. मला ही गोष्ट फार आपली वाटते. आपल्याकडे जमीन नावावर नाही, घर नावावर नाही, पण लग्नात आलेल्या पितळी डब्यावर, तांब्याच्या घागरीवर बाईचं नाव कोरलेलं असतं. कित्येक घरांत आजीचं नाव तेवढंच लिहिलेलं सापडतं. आणि घरावर वेळ आली की सगळ्यात आधी मोडीत जाते तीच घागर. आमच्या गटांच्या सुरुवातीच्या बैठकांत किती जणींनी हे सांगितलंय! सावकाराकडे ठेवलेली भांडी सोडवण्यासाठी घेतलेलं पहिलं कर्ज ज्यांना आठवतं, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

महाराष्ट्रात बीड घरोघरी पोचलं ते आधी स्वयंपाकघरात नाही, शेतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते, अशा समजुतीनं शेतकरी तो घेईनात. १९१० साली सांगलीकडच्या कुंडलजवळच्या माळावर, तेव्हाच्या औंध संस्थानात, किर्लोस्करवाडी वसली आणि ओतकाम वाढलं. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. एकाच वाडीत नांगराचे फाळही ओतले जात होते आणि बायकांचं मासिकही छापलं जात होतं! पुढे बिडाचा तवा घावन-आंबोळीसाठी आपल्या घरात आला. झाकणाचं जड भांडं मात्र नाही आलं. त्याच्या जागी आपल्याकडे पितळेचं कल्हई केलेलं पातेलं होतं, आणि नंतर ॲल्युमिनियमचं. आमच्या आईच्या पिढीनं त्यात खाली वाळू घालून, वर निखारे ठेवून मुलांच्या वाढदिवसाचे केक केले.

आता थोडं कामाचं. वर किती निखारे आणि खाली किती, हा हिशोब सगळीकडे सारखाच आहे, मग भांडं बिडाचं असो की पितळेचं. रस्सा, वरण, भाजी शिजवायची असेल तर जास्त विस्तव खाली. पण पाव, केक, तवसाळी, असं फुगणारं किंवा भाजायचं असेल तर उलट करायचं. साधारण दोन वाटे वर आणि एक वाटा खाली. कारण खालची उष्णता आपोआप वर चढते आणि बूड आधी करपतं. खालचे निखारे मधोमध ढीग करून ठेवू नका, काठाकाठानं गोल मांडा. आणि झाकण उचलताना तिरकं करू नका, नाहीतर राख आत. बाभळीचा किंवा धावड्याचा कोळसा जास्त वेळ टिकतो.

कोळशाचं नाव निघालं म्हणून त्याची गोष्ट थोडी थांबून सांगते, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. लाकूड हवा न लागू देता जाळलं की त्यातलं पाणी आणि धूर निघून जातो आणि कोळसा उरतो. रचलेल्या लाकडांवर माती-पाला लिंपून, दिवसेंदिवस राखण करून कोळसा पाडतात. पाच-सहा किलो लाकडातून जेमतेम एक किलो. हे काम लोणारी समाजाचं, चुन्याबरोबर. १९२७च्या वन कायद्यात राखीव जंगलात कोळसा पाडणं हा गुन्हा ठरला. इंग्रजांच्या ठेकेदारांना जंगल खुलं आणि कोळसा पाडणारा मात्र चोर, असं झालं. रायगड-ठाण्याकडचे कातकरी आजही ठेकेदाराकडून उचल घेऊन, बायका-पोरांसकट कोळशाच्या भट्ट्यांवर महिनोन्‌महिने जातात. उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी परत. शहरातल्या हॉटेलांच्या अंगणात जे निखारे छान लाल दिसतात, त्यांच्यामागे अशी घरं असतात. आमच्या गटात म्हणून आम्ही ठरवलंय, आपल्याला पुरेशा गोवऱ्या आणि बांधावरच्या बाभळीच्या छाटणीचं लाकूड, एवढ्यावरच भागवायचं.

दुसरी गोष्ट जिवाची आहे, ती नीट ऐका. निखाऱ्याला धूर नाही म्हणजे तो निरुपद्रवी, असं समजू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. बंद खोलीत ती झोप शेवटची ठरते. हिवाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत दार-खिडकी लावून शेगडी ठेवतात, कोणी रात्रभर पायाशी विस्तव ठेवून झोपतं. हे करू नका. शेगडीची ऊब घ्यायचीच असेल तर दार उघडं ठेवा आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढा. निखाऱ्यावरचा स्वयंपाक बाहेर, उघड्यावर करायचा असतो, त्यामागे नुसती हौस नाही.

आणि चुलीचं कौतुक करताना मला भीतीही वाटते. रोडग्यांचा एक दिवस वेगळा आणि रोजची धुराची चूल वेगळी. धुरानं आपल्या आया-आज्यांची छाती पोखरली, डोळे गेले. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघात यावर काम झालं. संघ १९३४ साली स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. धूर नळकांड्यातून बाहेर काढणारी ‘मगन चूल’ तिथलीच. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर गावात आलं. ते दर महिन्याला भरून आणायला पैसे असतात की नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेव्हा चुलीवरचं जेवण किती चविष्ट, असं शहरातलं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, रोज कोण फुंकणार?

आणखी एक विचारावंसं वाटतं. आपल्या विदर्भात घरातली चूल बाईची, पण रोडग्यांचा कार्यक्रम शेतात किंवा देवळापुढे असला की पुष्कळ गावांत विस्तवाजवळ पुरुष बसतात. “आज बायांना सुट्टी,” असं मोठ्यानं म्हणतात. कणीक कोणी मळली, गोवऱ्या कोणी थापल्या, वांगी कोणी चिरली, मसाला कोणी वाटला, ते विचारायचं नाही. अमेरिकेतही तेच. १८६६ साली चार्ल्स गुडनाईट नावाच्या गुरांच्या मालकानं लष्करी गाडीला मागं कपाट जोडून फिरतं स्वयंपाकघर केलं. शेकडो मैल गुरं हाकणाऱ्यांसाठी त्या गाडीबरोबर बिडाचं भांडं आणि पुरुष स्वयंपाकी असायचा. त्या स्वयंपाक्याला साध्या गुराख्यापेक्षा जास्त मान आणि जास्त पगार असायचा. तेच काम घरात बाईनं केलं तर त्याला कामच म्हणत नाहीत.

म्हणून मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. हिंगण्याकडच्या आमच्या एका गटाला धरमपेठेतल्या एका कुटुंबाकडून १०० रोडग्यांचं काम आलं. बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत करून द्यायचे होते. गटानं दर काढला. गहू, तेल, तूप, डाळ, वांगी, मसाला, जायचा-यायचा ऑटो. झालं. गोवऱ्यांचे पैसे? “शेण तर घरचंच आहे, मॅडम.” मजुरी? “आपणच तर आहोत.” मग आम्ही वही घेऊन बसलो. चार बाया, पहाटे ५ पासून दुपारी २ पर्यंत. प्रत्येकीचे ९ तास, म्हणजे सगळे मिळून ३६ तास. त्याआधी गोवऱ्या थापणं, वाळवणं, पावसापासून झाकून ठेवणं. गहू निवडून दळून आणणं. चार जणींपैकी दोघी तर सलग चार तास विस्तवाजवळून हलल्याच नाहीत, कारण हललं की रोडगा करपतो. हे ३६ तास शेतमजुरीच्या दरानं धरले, तरी आधीचा दर निम्म्याजवळ जात होता.

यजमानीणबाई म्हणाल्या, “पिठाच्या गोळ्यांचे आणि शेणाचे एवढे?” त्यांच्या ओट्यावर ते बिडाचं भांडं होतं, झाकणासकट. गटाच्या अध्यक्षा वयानं मोठ्या, बोलायला धीट. त्या म्हणाल्या, “ताई, या भांड्याचे किती दिले?” बाईंनी आकडा सांगितला आणि स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, “बरं, पावती द्या.”

पावती गटाच्या छापील पुस्तकातली. रोडगे, १०० नग. वांग्याची भाजी, वरण. त्याखाली गोवऱ्या. आणि सगळ्यात खाली वेगळी ओळ: विस्तव राखण्याची मजुरी, २ बाया. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. पैसे पूर्ण दिले. जाताना एवढंच म्हणाल्या की पुढच्या महिन्यात ५० करून द्या, पण तूप आमचं राहील.